बंद गाडीचा हॉर्न

नाशिकच्या द्वारका चौकात एकदा मी सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक रिक्षावाला होता. सिग्नल सुटेपर्यंत त्याच्या मुलाचं लग्न जमलं, पत्रिका छापून आली आणि त्यातली एक त्यानं माझ्या हातात दिली. मी लग्नाला जाऊनही आलो. जिलेबी चांगली होती. ज्यांनी द्वारका पाहिलेली नाही त्यांना ही थाप वाटते. ज्यांनी पाहिली आहे ते फक्त एवढंच विचारतात की वेळ सकाळची होती की संध्याकाळची.

यावरून मी कसा माणूस आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. नाव सावळीराम. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काढली, आता नाशिकरोडला जेलरोडवर राहतो. रोडवर राहतो, जेलमध्ये नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. माझ्याकडे एक एम-एटी आहे. हल्लीच्या मुलांनी ही गाडी पाहिलेली नसते. ती मोटरसायकलच, पण घरातलं शेंडेफळ असावं तशी: गिअर डाव्या मुठीत, सीटच्या मागे लोखंडी गजांचं कॅरिअर, चाकं टोपलीएवढी, आणि आवाज मात्र थोरल्या भावासारखा. तेव्हा एकलहऱ्यात वीज तयार करणारे पाच संच होते. मी किक मारली की कॉलनीतले लोक म्हणायचे, सहावा संच लागला. गाडीला तेच नाव पडलं.

दर दसऱ्याला हा सहावा संच गंगापूर रोडला पल्लवीकडे जातो. पल्लवी म्हणजे पूर्वी केंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्या अमित इंजिनिअरची बायको. त्यांची मुलगी वेदिका तेवीस वर्षांपूर्वी ऐन दसऱ्याच्या दुपारी जन्मली, आणि पल्लवीला दवाखान्यात पोचवलं ते या गाडीनं. तेव्हापासून त्यांच्या घरचा नेम असा की दसऱ्याला आधी सहाव्या संचाची पूजा, मग बाकीच्या गाड्यांची. अमितची लांबलचक मोटार हार घालून ताटकळत उभी असते आणि माझी टोपलीच्या चाकांची आधी ओवाळून घेते. पल्लवी हळदकुंकू वाहते तेही मागे, कॅरिअरला. पुढचं मडगार्ड गंजलेलं आहे, त्यावर कुंकू ठरत नाही, म्हणून असेल असं मी धरून चाललो होतो. पूजा झाली की श्रीखंडपुरी, आणि श्रीखंडपुरीनंतर मी ती गोष्ट सांगतो. तीही नेमातच आहे.

गोष्ट अशी. दसऱ्याची दुपार. अमित ड्यूटीवर. कॉलनीची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. पल्लवीला कळा सुरू झाल्या. रिक्षा बोलावली, पण नाशिकरोडला मिरवणुका आणि पूजेच्या गाड्या यांची अशी दाटी की रिक्षावाला म्हणाला, काका, रिक्षाला चाकं तीन आणि रस्त्यात जागा दीड चाकाची. मग मी पल्लवीला माझ्या मागे बसवलं आणि सहावा संच सोडला. पहिल्या वर्षी सांगताना मी तो ताशी चाळीसनं सोडला होता. पाचव्या वर्षी साठनं. वेदिका शाळेत जायला लागली तेव्हा मी दुभाजकावरून उडी मारली. ती पाचवीत गेली त्या वर्षी मिरवणुकीतला हत्ती माझा हॉर्न ऐकून बाजूला झाला. नाशिकरोडच्या मिरवणुकीत हत्ती नसतो, असं अमितनं एकदा हळूच सांगून पाहिलं. मी म्हटलं, तेव्हा होता. माझा हॉर्न ऐकल्यापासून येत नाही.

गोष्ट अशी अंग धरत गेली, पण तिच्यातला एक माणूस मात्र वाळत गेला. झिपरू.

झिपरू घोटीच्या पलीकडचा, डोंगरातला. पावसाळ्यात गावाकडे भात लावायचा आणि उरलेलं वर्ष आमच्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा ओढायचा. पुढे एकलहऱ्यालाच खोली घेऊन राहिला. माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी लहान, बोलणं जवळजवळ नाहीच. मी दिवसाला जेवढं बोलतो तेवढं त्याला वर्षभर पुरतं. म्हणूनच आमची चाळीस वर्षं टिकली. दर दसऱ्याला तो माझ्या मागे बसून गंगापूर रोडला यायचा आणि गावाकडून आणवलेली आपट्याची पानं सगळ्यांना द्यायचा. खरा आपटा. शहरात कांचनाची पानं आपटा म्हणून खपवतात, ती तो हातात घेऊन बघायचा आणि खाली ठेवायचा. गोष्ट सुरू झाली की तो मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसायचा. पहिल्या वर्षी मी सांगायचो, मागून झिपरू पळत होता. तिसऱ्या वर्षी तो कॉलनीच्या गेटवरून हात हलवायला लागला. हत्ती आला त्या वर्षी झिपरूला गोष्टीत जागाच उरली नाही.

आता खरं काय झालं ते सांगतो. त्या सकाळी मी सहावा संच पूजेसाठी धुतला. नुसता धुतला नाही, अभिषेक केला. पाइप लावून प्लगवर, कार्ब्युरेटरवर, जिथे म्हणून देवानं भोक ठेवलंय तिथे पाणी मारलं. गाडी लाजेकाजेस्तव सामनगाव रोडपर्यंत चालली आणि पल्लवी मागे बसलेली असताना गप्प झाली. मी पंचवीस किका मारल्या. झिपरू सायकलवरून मागून येत होता. त्यानं सायकल बाभळीला टेकवली, दोन्ही हात कॅरिअरवर ठेवले आणि मला म्हणाला, गिअर काढ. मग तीन किलोमीटर तो गाडी ढकलत पळाला. चढ, खड्डे, फाटक, मिरवणूक, सगळ्यातून. मी पुढे हँडल धरून बसलो होतो. हँडल कुणीतरी धरायला हवं होतं हे खरं आहे, पण त्यासाठी फार मोठा पराक्रम लागत नाही. या गाडीचं इंजिन बंद की हॉर्नही बंद. म्हणून मी तोंडानं पों पों करत गर्दी बाजूला करत होतो. माझी कामगिरी तेवढी. दवाखान्यात पोचल्यावर वीस मिनिटांत वेदिका झाली. झिपरू बाहेर पायरीवर बसला होता. अर्धा तास त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, नुसता भाता चालला होता. त्या अर्ध्या तासात अमित धावत आला, त्यानं माझे पाय धरले आणि विचारलं, काका, कसं आणलंत हो? आणि मी बोललो.

यात कुणाचं काही वाईट झालं नाही असं मी स्वतःला तेवीस वर्षं सांगत आलो. पण यंदा नवमीला झिपरू घरी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला की तो कायमचा गावाला चाललाय. गुडघा गेलाय कामातून, मुलगा बोलावतोय, भात कापणीला आलंय. सामानाची दोन पोती आधीच गेली होती. दसऱ्याला पल्लवीकडे जेवायचं आणि तसंच पुढे घोटीची बस धरायची. घोटीहून त्याच्या गावाकडे जाणारी शेवटची जीप चारला सुटते, त्यामुळे दोनच्या आत बस मिळायला हवी.

तो गेल्यावर आमची चतुराबाई, म्हणजे माझी बायको, दिवे घासत होती. तिला खरी गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत. तिनं वर न बघता सांगितलं, "तो चालला. आणि त्याची एक वस्तू तेवीस वर्षं तुमच्या खिशात आहे. जायच्या आधी देऊन टाका." मी विचारलं नाही कसली वस्तू. सगळ्यांच्या समोर, झिपरू तिथे बसलेला असताना, खरं सांगायचं, हे त्या रात्री मी ठरवलं. तो गेल्यावर सांगण्यात अर्थ नव्हता. ते म्हणजे माणूस उठून गेल्यावर पान वाढण्यासारखं.

आणि आता माझी अक्कल पाहा. झिपरूचा शेवटचा दसरा, वेदिकानंही पहिल्या पगारातून स्कूटर घेतलेली, तिनं सांगून ठेवलेलं की सहाव्या संचाची पूजा झाल्याशिवाय मी नवी गाडी हलवणार नाही. अशा दिवशी गाडी कशी दिसली पाहिजे? चतुराबाई म्हणाली, ओल्या फडक्यानं पुसा. मी पाइप लावला.

दहाला निघालो. मागे झिपरू, त्याच्या मांडीवर कापडी पिशवी, दोघांच्या डोक्याला हेल्मेट. झिपरूचं हेल्मेट कोळशाच्या पट्ट्यावर वापरायचं पिवळं होतं, ते मी त्याला बदलायला लावलं आणि माझ्या मुलाचं दिलं. दत्तमंदिर, उपनगर, सगळं झकास गेलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूचे ढीग. दुकानांसमोर ट्रक, जेसीबी, पोरांच्या सायकली, सगळ्यांना हार. एका सलूनवाल्यानं खुर्चीला हार घातला होता आणि गिऱ्हाईक हाराच्या आत बसून दाढी करून घेत होतं. द्वारकेला आलो, सर्कलच्या बरोबर मध्यावर पोचलो, आणि सहावा संच एकदा खोकून थांबला.

द्वारकेला गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते लग्नाच्या पंगतीत मध्येच उठून आंघोळीला जाण्यासारखं आहे. चारी बाजूंनी हॉर्न. मी किका मारतोय, मागचा बसवाला खिडकीतून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करतोय. आणि मागे काहीतरी हललं. बघतो तर झिपरू उतरला होता, पिशवी गळ्यात अडकवली होती आणि त्याचे दोन्ही हात कॅरिअरवर होते. काही विचार न करता. तळहात आपसूक जाऊन बसले होते, गाय दाव्याला जाते तसे.

मी म्हटलं, हात काढ. गुडघा बघ आपला. त्यानं तरी दहा पावलं ढकलली, दुभाजकाच्या कडेला गाडी लावली आणि गुडघा धरून कठड्यावर बसला. मग पिशवीतून आपट्याच्या पानांची जुडी काढून माझ्या हातात दिली.

"भाऊ, गाडी आज जात नाय. बसस्टँड हितून जवळ हाय. मी निघतो. पोरीला माझं सोनं दे."

महामार्ग स्टँड तिथून खरंच जवळ. तो लंगडत गेला असता, बसमध्ये बसला असता आणि झालं. उरलेला जन्म मी हत्ती सांगत बसलो असतो. मी जुडी परत त्याच्या पिशवीत कोंबली आणि म्हटलं, पाच मिनिटं थांब. ते कशाच्या जोरावर म्हटलं मलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मागून एक छोटा हत्ती हॉर्न बडवत आला. म्हणजे तसला टेम्पो. मिरवणुकीतला हत्ती नव्हे. चालवणारा तिशीतला, ललित नावाचा. गाडीत झेंडूचे क्रेट, आणि उशीर झाल्यामुळे डोकं तापलेलं. ती डबडी बाजूला घ्या, असं तो म्हणाला. मी विचारलं, कुठे चाललास? म्हणाला, गंगापूर रोडला, कोपऱ्यावर स्टॉल आहे, अर्धं गिऱ्हाईक गेलं. मी त्याच्या खिडकीला हात टेकला आणि शांतपणे सांगितलं की या डबडीची पूजा झाल्याशिवाय गंगापूर रोडला दसरा सुरू होत नाही. खोटं नव्हतं ते. एका घरापुरतं खरं होतं. ललितनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा कठड्यावर बसलेल्या झिपरूकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि उतरून मागचं फाळकं पाडलं.

एवढ्यात शिट्टी वाजवत ट्रॅफिक हवालदार आला. मला वाटलं आता पावती. तो म्हणाला, उचला लवकर, आणि स्वतः पुढचं चाक धरलं. मागच्या बसचा तो सात पिढ्यांवाला ड्रायव्हरही उतरला. नाशिकला शिव्या देणारा आणि गाडी उचलणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, हे मी या वयात खात्रीनं सांगू शकतो. चौघांनी सहावा संच उचलून फुलांमध्ये ठेवला. बसवाल्याला मी नाव विचारलं तर तो म्हणाला, नाव कशाला, पुढच्या वेळी पेट्रोल टाका. पेट्रोल होतं, पण मी वाद घातला नाही.

आता अडचण अशी की दोर सगळा क्रेट बांधण्यात संपलेला. गाडी उभी राहणार कशी? ललित म्हणाला, एकानं वर बसायचं, दोन्ही पाय टेकवून, आणि एकानं मागून घट्ट धरायचं. मी झिपरूला म्हटलं, तू पुढे बस. तो नको म्हणाला. चाळीस वर्षांत तो या गाडीवर पुढे बसलेला नव्हता, त्याला चालवताच येत नाही. मी म्हटलं, चालवायची कुठे आहे, बंद तर आहे. तो बसला. मी मागे उभा राहून दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं.

त्या प्रवासाचं मी काय सांगू? सारडा सर्कलला एका आजीबाईंनी रस्त्याच्या कडेनं हात जोडले. सीबीएसला एकानं विचारलं, कुठल्या मंडळाचा देखावा? झिपरू झेंडूच्या ढिगात एम-एटीवर ताठ बसलेला, मुलाचं लाल हेल्मेट घालून, दोन्ही हात हँडलवर, नजर समोर. टेम्पोनं ब्रेक दाबला की तोही ब्रेक दाबायचा. टेम्पो डावीकडे वळला की तो हँडल अंमळ डावीकडे करायचा. अशोकस्तंभाला मागून येणाऱ्या दोन मोटारींनी त्याचं बघून वळण घेतलं. यातलं काही वाढवलेलं नाही. आजीबाई कदाचित उन्हासाठी हात वर करत असतील, तेवढी सूट द्या.

पण मी मागे होतो, आणि मागे जे होतं ते गमतीचं नव्हतं. कॅरिअरचे गज गंजलेले, कडेला धारदार. खड्डा आला की ते तळहातात घुसायचे. टेम्पो आपला आपण चालला होता, मला फक्त धरून उभं राहायचं होतं, तरी खांदे भरून आले, पोटऱ्या थरथरायला लागल्या. मी समोर त्याच्या पाठीकडे बघत होतो. तेवीस वर्षांपूर्वी त्यानं माझी पाठ बघितली असेल, तीन किलोमीटर. त्या पाठीवरून पों पों ऐकू येत असेल.

गंगापूर रोडला पल्लवीच्या बिल्डिंगखाली टेम्पो थांबला तेव्हा साडेबारा होत आले होते. अमित, पल्लवी, वेदिका तिघंही खालीच उभी होती. वेदिकाची नवी स्कूटर बॅटरीवरची, पांढरी, हार घालून एका बाजूला. ललितनं गाडी उतरवायला मदत केली, पाणी प्यायला आणि निघताना एक झेंडूची माळ सहाव्या संचाच्या हँडलला अडकवून गेला. मी भाडं विचारलं, तर म्हणाला, दसरा सुरू झाला ना, बास.

पल्लवी ताट घेऊन आली. नेहमीसारखी ती गाडीच्या मागे गेली, खाली बसली आणि हळदीकुंकवाची दोन बोटं कॅरिअरला लावली. एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये वीतभर अंतर. मी तेव्हा हात झटकत होतो, गंज निघत नव्हता. दोन्ही तळहातांवर गजांच्या तांबड्या रेघा उमटल्या होत्या. मी त्या रेघा बघितल्या, मग कुंकवाची बोटं बघितली. जागा तीच होती. जिथे ढकलणाऱ्याचे हात बसतात, तीच. मडगार्डच्या गंजाचा काही संबंध नव्हता. तेवीस वर्षं ती बाई माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या गाडीला, दुसऱ्याच्या हातांची पूजा करत होती.

माझं ठरलेलं होतं की श्रीखंडानंतर, नीट बसून, शब्द जुळवून सांगायचं. तसं काही झालं नाही. मी तिथेच पार्किंगमध्ये म्हणालो, "गाडी त्या दिवशी बंद होती. तीन किलोमीटर झिपरूनं ढकलली. मी नुसता बसलो होतो."

अमितनं माझ्याकडे पाहिलं आणि मग पल्लवीकडे. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. पल्लवी उठली, ताट वेदिकाकडे दिलं.

"काका, मी एका बाजूला पाय सोडून बसले होते," ती म्हणाली. "वळून बघितलं की झिपरूकाकांचं तोंड समोर. प्रत्येक कळेला मी तेच बघत होते. मला माहीत नसेल असं वाटलं तुम्हाला?"

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मला वाटलं होतं की ती म्हणेल, तुमचं मन मोडायला नको म्हणून. ते ऐकायला मी तयार होतो. ती म्हणाली की पहिल्याच वर्षी तिनं झिपरूला बाजूला घेऊन विचारलं होतं, खरं सांगून टाकू का म्हणून. झिपरूनंच नको म्हटलं.

मी झिपरूकडे वळलो. तो हेल्मेट काढून त्यात आपट्याची पानं ठेवत होता.

"खरी गोष्ट मला म्हाईत हाय भाऊ," तो म्हणाला. "ती कशाला ऐकू? लय दम लागला व्हता तिच्यात. तुझ्या गोष्टीत गाडी चालू असती. पोरगी झटक्यात पोचती. मला ती बरी वाटती."

त्याच्यासाठी हे वर्षभराचं बोलणं होतं. मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसणारा झिपरू इतकी वर्षं हसत होता, हे मला त्या पार्किंगमध्ये कळलं. मी समजत होतो की मी त्याचं काहीतरी घेतलंय, आणि तो दर दसऱ्याला मला काहीतरी देत होता.

वेदिकानं मग ताट पुढे आणलं आणि झिपरूला म्हणाली, हात. तो हात मागे घ्यायला लागला, कोळशाचे हात आहेत म्हणाला. तिनं दोन्ही हात ओढून घेतले, तळव्यांवर कुंकवाचं एकेक बोट लावलं आणि ओवाळलं. तो छताकडे बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत निरांजन चमकलं असेल.

जेवण झालं. त्या दिवशी गोष्ट झाली नाही, कारण सांगून झालेली होती. श्रीखंड झिपरूनं तीनदा घेतलं. सव्वा वाजला तशी वेदिका म्हणाली की बसस्टँडला तीच सोडणार, नव्या स्कूटरवर, पहिली फेरी तीच. पण आधी एक काम आहे, असं म्हणून ती स्कूटरवर बसली आणि मागे वळून म्हणाली, "झिपरूबाबा, पहिला धक्का तुम्ही द्यायचा."

झिपरूनं स्कूटरला चक्कर मारून बघितलं. तिला किक नव्हती, सायलेन्सर नव्हता, कॅरिअरही नव्हतं. त्यानं मागच्या पकडीवर हात ठेवले, कुंकू अजून पुरतं न गेलेले, आणि गुडघा सांभाळत ढकलायला लागला. वेदिकानं मूठ पिळली. ती बॅटरीची गाडी, आवाज कसला तो नाहीच. स्कूटर सरकायला लागली आणि झिपरू तिच्या मागे लंगडत पळायला लागला, चार पावलं, सहा पावलं, आठ. आपणच ढकलतोय असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटं आहे असं मी तरी म्हणणार नाही. हॉर्न द्यायला हवा हे वेदिकाच्या लक्षात नव्हतं. मग मी दिला. छातीत हवा भरून, तोंडानं, पों पों करत त्यांच्या बाजूनं पळालो. पहिल्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले.

गेटपाशी झिपरू थांबला आणि धापा टाकत विचारलं, चालू झाली का?

"केव्हाचीच, बाबा," वेदिका म्हणाली.

तो तिच्या मागे बसला. पल्लवीनं पुऱ्यांचा डबा पिशवीत घातला, अमितनं हेल्मेटचा पट्टा लावून दिला आणि जाता जाता वाकून पाया पडला. मला काहीतरी म्हणायचं होतं. उपकार, आभार, असले शब्द आमच्यात कधी वापरलेले नव्हते, त्यामुळे ते जिभेवर बसेनात. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली, धुऊनही माझ्या तळहातावर थोडा गंज उरला होता, तो त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटला. त्यानं बघितलं आणि पुसला नाही.

स्कूटर गेटच्या बाहेर पडली, तशी त्यानं मान वळवली. एवढ्या वर्षांत त्याला मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"भाऊ, हत्ती ऱ्हायला की."

खरंच की. खरं सांगण्याच्या नादात हत्ती राहिलाच होता. मी गेटमध्ये उभा राहून गंगापूर रोडच्या सगळ्या गर्दीवरून ओरडून सांगितलं की हत्ती होता, बाजूला झाला, पण माझ्या हॉर्नला नाही. मागून दोन हातांनी सहावा संच ढकलत येणाऱ्या झिपरूला बघून झाला, सोंड वर करून, आणि पुढची चार वर्षं ज्याला त्याला हेच सांगत फिरला.